घाटातली तार : १५०० व्होल्ट डीसी ओव्हरहेड लाइनचं मॉडेल (प्रकल्प नोंदी)

६ जुलै २०२४

ठरलं. भोर घाटातल्या पहिल्या विजेच्या तारांचं मॉडेल करायचं. मॉडेलमध्ये इंजिन नाही. रूळ, पोर्टल (तार धरणारी, रुळांवरून आडवी जाणारी खांबांची कमान) आणि तार, एवढंच.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं कल्याण ते पुणे मार्ग १९२९ साली विजेवर आणला आणि पुढच्या वर्षी इगतपुरीपर्यंतचा. त्या काळाबद्दल लोक बोलतात ते इंजिनांबद्दल. मालगाडीचं ‘खेकडा’ इंजिन म्हणजे ईएफ/१, पुढे त्याचं नाव डब्ल्यूसीजी-१ झालं. त्याचे फोटो, त्याचे आवाज, त्याची मॉडेलं, सगळं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक जपूनही ठेवलंय. पण त्याच्या डोक्यावरची तार कोणी जपली नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा, प्रवाह २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर लाइनवर संपला. ती जाड, जड तार कशी दिसायची आणि तशीच का दिसायची, हे आता डोळ्यांपुढे आणायचं तर बनवावंच लागेल.

आमची तिघांची टोळी : मी, डिप्लोमा करणारा माझा भाचा, आणि आमच्या सोसायटीतले काका. काका रेल्वेच्या ओएचई, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांच्या, विभागातून निवृत्त झाले. त्यांचं निम्मं आयुष्य टॉवर वॅगनच्या, म्हणजे तारा दुरुस्त करायच्या गाडीच्या, माथ्यावर गेलंय. भाच्याला गाडी पळवायची होती. मी म्हटलं, गाडी पळवणारी मॉडेलं पुष्कळ आहेत. आपण गाडीला पळायला काय लागतं ते दाखवू.

१४ जुलै

आधी कागद. या तारेचं सगळं रूप एकाच आकड्यातून निघतं : १५०० व्होल्ट.

खेकडा इंजिनाची ताकद २६०० अश्वशक्ती, म्हणजे साधारण १९४० किलोवॉट. तेवढी शक्ती १५०० व्होल्टला घ्यायची तर तारेतून जवळजवळ १३०० अँपिअर वाहायला हवेत, तेही इंजिनातली गळती सोडून. आज त्याच घाटात २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, आहे. तिथे एवढ्याच शक्तीला ऐंशीच्या आत अँपिअर पुरतात. म्हणून आजच्या एसी मार्गावर कॉन्टॅक्ट वायर (इंजिन जिला घासत जातं ती खालची तार) १०७ चौरस मिलिमीटरची आणि कॅटेनरी (तिला तोलणारी वरची तार) ६५ ची चालते. डीसीच्या कामात काकांच्या हाताखालून गेलेली कॉन्टॅक्ट वायर १९३ चौरस मिलिमीटरची होती आणि वरची कॅटेनरी २४२ ची. निखळ तांबं.

ही दोन्ही धरून मीटरला जवळजवळ चार किलो वजन होतं. साठ मीटरच्या एका गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, दोन-अडीच क्विंटल धातू हवेत लटकतोय. त्याला पेलायला खांब भारी, पाया भारी, ब्रॅकेट भारी. इन्सुलेटर मात्र अगदी लहान, कारण अडवायचे व्होल्ट थोडेच. एसीच्या लाइनवर नेमकं उलट : तार बारीक, इन्सुलेटर लांबलचक. दोन छायाचित्रं शेजारी ठेवली तर व्होल्टेज न सांगता ओळखता येतं. मॉडेल बघणाऱ्याला हे कोणी न सांगता दिसलं पाहिजे. बाकी सगळी सजावट मला दुय्यम आहे.

मग १५०० च का? भाच्याचा प्रश्न रास्त होता. अमेरिकेत मिलवॉकी रोडनं १९१५ च्या सुमारास ३००० व्होल्ट डीसी डोंगरात चालवून दाखवलं होतं. पण जीआयपीची सुरुवात घाटातून झाली नाही. ती मुंबईच्या लोकलमधून झाली : ३ फेब्रुवारी १९२५, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गे. लोकलच्या डब्याखालच्या लहान मोटारींना १५०० सोयीचे, कारण ७५० च्या दोन मोटारी एकामागे एक जोडता येतात. इंग्लंडमध्येही शिल्डन ते न्यूपोर्ट ही कोळशाची लाइन १९१५ पासून १५०० वर चालत होती, आणि युद्धानंतर तिथल्या सरकारी समितीनं तोच आकडा सुचवला. शहरासाठी निवडलेला दाब घाट चढला. त्याची किंमत तांब्यात मोजावी लागली.

२८ जुलै

प्रमाण १:५०. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर साडेतेहतीस. कॉन्टॅक्ट वायरची उंची साडेपाच मीटर धरली, ती ११० मिलिमीटर. १९३ चौरस मिलिमीटरच्या तारेचा व्यास पावणेसोळा मिलिमीटर पडतो, तो पन्नासानं भागला की ०.३. कॅटेनरी पिळाची असल्यानं अंगानं थोडी जाड : ०.४. दोन्ही मापं बाजारात सहज मिळतात, म्हणून हेच प्रमाण घेतलं.

पाट दोन. पहिल्यावर सरळ रूळ, साठ मीटरचे दोन गाळे. दुसऱ्यावर घाटातलं वळण, तीस मीटरचे चार गाळे. दोन्ही पाट दोन मीटर चाळीस सेंटिमीटर लांब.

आज झोळाचा हिशेब. खांबांमध्ये टांगलेली कुठलीही तार झोळ खाते. वजन दुप्पट तर झोळ दुप्पट, ताण दुप्पट तर झोळ अर्धा, आणि गाळा दुप्पट केला तर झोळ चौपट. कॅटेनरीत दोन टन ताण आणि मीटरला चार किलो वजन धरलं की साठ मीटरच्या गाळ्यात मधोमध नव्वद सेंटिमीटर झोळ येतो. तीस मीटरच्या गाळ्यात तोच साडेबावीसवर येतो. ताणाचा आकडा मी ढोबळ घेतलाय, पण दिसायला तो बरोबर बसतो.

आणि कॉन्टॅक्ट वायर सपाट हवी. म्हणून तिला कॅटेनरीपासून वेगवेगळ्या लांबीच्या ड्रॉपरांनी, म्हणजे उभ्या बारीक तारांनी, टांगायचं. खांबापाशी दोन तारांत १.४ मीटर अंतर धरलं तर मध्यावर अर्धा मीटर उरतो. दर साडेसात मीटरला एक ड्रॉपर. मॉडेलवर मध्यापासून बाहेर जाताना लांब्या अशा : १०, ११.१, १४.५, २०.१ मिलिमीटर. दुसऱ्या बाजूला त्याच उलट. एका गाळ्यात सात ड्रॉपर.

काकांनी कागद बघितला. म्हणाले, “कॅटेनरीनं भार घ्यायचा, कॉन्टॅक्टनं सरळ राहायचं. दोघींची कामं अलगद वेगळी केली, हीच सगळी करामत.” हे वाक्य मी पाटाच्या कडेला लिहून ठेवलंय.

११ ऑगस्ट

लोहार चाळीतून फॉस्फर ब्राँझची तार आणली. तांब्याची घेतली नाही. इतकी बारीक तांब्याची तार हात लागला की वाकते आणि वाकलेली पुन्हा सरळ होत नाही.

आता खरी अडचण. प्रमाणानुसार झोळ अठरा मिलिमीटर यायला हवा. १.२ मीटरच्या गाळ्यात, मीटरला सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या तारांना तेवढा झोळ यायचा तर ताण फक्त वीस ग्रॅम लागतो. वीस ग्रॅममध्ये तार ताणली जातच नाही. रिळावरचा बाक तिच्या अंगात तसाच राहतो, आणि झोळ वजनाचा न दिसता रिळाचा दिसतो. ताण वाढवून बाक काढावा तर झोळच नाहीसा होतो.

खऱ्या लाइनवर तारेचा ताठरपणा तिच्या वजनापुढे नगण्य असतो. लहान मॉडेलवर वजनच नगण्य होतं आणि ताठरपणा राज्य करतो. लांबी पन्नासाव्या हिश्श्यावर आली की सगळी बलं पन्नासाव्या हिश्श्यावर येतात असं नाही. त्यामुळे मॉडेलवरची तार खऱ्या तारेसारखी टांगून चालत नाही. तिला तो आकार आधीच द्यावा लागतो.

उपाय : प्लायवुडवर झोळाची वक्ररेषा आखली, तिच्यावर बारीक खिळे ठोकले, कॅटेनरी त्या खिळ्यांवरून फिरवून बसवली. खाली सरळ रेषेत कॉन्टॅक्ट वायर, तिलाही खिळे. मधल्या ड्रॉपरांच्या जागी खाचा. म्हणजे अख्खा गाळा जमिनीवर सोल्डर करून मग उचलून पोर्टलांमध्ये बसवता येईल. तार आधी शिकंज्यात धरून हलकेच ओढली की रिळाचा बाक जातो आणि ती सुतासारखी सरळ होते. भाच्याला हे काम फार आवडलं. एक टोक धरून मागे सरकत जायचं, तार किंचित सुटल्यासारखी वाटली की थांबायचं.

१ सप्टेंबर

बाजूला एक लहान पाट करतोय : ही रचना येण्याआधी लोकांनी काय काय करून पाहिलं. घाटातली तार एका दिवसात सुचलेली नाही, आणि तिच्याआधीच्या खटपटी पाहिल्याशिवाय ती किती विचारानं घडली ते कळत नाही.

पहिला तुकडा व्हिएन्नाजवळच्या मोडलिंग-हिंटरब्र्यूल लाइनचा, १८८३ चा. तिथे तार नव्हतीच. खालून चिरलेल्या दोन नळ्या रुळांच्या बाजूला वर टांगल्या होत्या, आत एक सरकता तुकडा, त्याला गाडीपासून गेलेली केबल. पितळेची नळी चिरून बनवला. बनवताना हाताला कळतं की सांधा जरा जरी वरखाली झाला तर आतला तुकडा अडकणार.

दुसरा ट्रामचा. फ्रँक स्प्रेगनं १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरात एकच तार आणि तिच्याखाली स्प्रिंगनं दाबलेलं चाक असलेला दांडा चालवून दाखवला. पुढे जगभरच्या ट्राम तशाच. मुंबईची विजेची ट्राम ७ मे १९०७ पासून ३१ मार्च १९६४ पर्यंत याच दांड्यावर धावली. टोकाला पोचली की दोरी धरून दांडा फिरवायचा आणि चाक पुन्हा तारेत बसवायचं. काकांनी लहानपणी ते पाहिलंय. तारेत पुन्हा चाक बसताना उडालेली ठिणगी त्यांना अजून आठवते. ट्रामला ही एकटी तार पुरते, कारण गाळे लहान आणि वेग कमी. वेग वाढला की खांबाखाली तारेला कोपरा लागतो आणि चाक उडतं.

तिसरा तुकडा मला सगळ्यांत प्रिय : न्यूयॉर्क, न्यू हेवन अँड हार्टफर्ड रेल्वे, १९०७, ११,००० व्होल्ट एसी. कॉन्टॅक्ट वायर अजिबात हलू नये म्हणून त्यांनी वर दोन आधारतारा घेतल्या, खाली एक, आणि तिघींना त्रिकोणी कड्यांनी घट्ट बांधलं. कागदावर याहून भक्कम काही नाही. पण पेंटोग्राफ (इंजिनाच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा, थोडक्यात पेंटो) तारेला खालून दाबत जातो, आणि दाबली की तार थोडी वर जायला हवी. त्रिकोणापाशी ती जाईना. मध्ये जाई, त्रिकोणापाशी अडे. प्रत्येक त्रिकोणाखाली एक कडक जागा झाली, तिथे पेंटो आपटू लागला, तांब्याची तार वाकली, झिजली. मग त्याच तारेखाली आणखी एक पोलादी तार टांगली, आणि तिच्या पकडी मुद्दाम दोन त्रिकोणांच्या मध्ये ठेवल्या. लवचीकपणा परत आला, लाइन चालली.

मी तो त्रिकोणी गाळा आधी खालच्या तारेशिवाय बनवला आणि मग खालची तार जोडली. बोटानं दोन्ही ठिकाणी दाबून बघायला ठेवणार आहे. हे चित्रातून समजत नाही, बोटाला लगेच समजतं.

२२ सप्टेंबर

पोर्टल तयार. पितळेचे कोन आणि पट्ट्या, मध्ये तिरपी जाळी, रिव्हेटसाठी पातळ पत्र्यावर मागून टोचे. कर्जतच्या पुढे गाडीच्या खिडकीतून जाळीचे जुने सांगाडे दिसतात, त्यांची ठेवण डोळ्यांत होती. इन्सुलेटरला भुलेश्वरचे काचेचे मणी, तपकिरी. काकांनी एकेक मणी उलटून पाहिला आणि दोन परत केले, कडा तुटलेल्या होत्या म्हणून. “कडेला चीर गेलेला इन्सुलेटर मी कधी चढवला नाही, मॉडेलवर तरी कशाला?”

१३ ऑक्टोबर

वळणाचा पाट. सगळ्या कामात इथेच डोकं सर्वांत जास्त लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

रूळ वळतो, तार वळत नाही. तार दोन आधारांमध्ये सरळच जाणार. म्हणजे वळणावर तार ही रुळावर आखलेल्या लहान लहान जीवांची, म्हणजे वळणावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषांची, माळ असते. वळणाची त्रिज्या ३०० मीटर घेतली, मॉडेलवर सहा मीटर. तीस मीटरच्या जीवेचा मध्य रुळाच्या मध्यरेषेपासून साडेसदतीस सेंटिमीटर आत सरकतो. गाळा साठ मीटरचा ठेवला असता तर हेच अंतर दीड मीटर झालं असतं, आणि तार पेंटोच्या पट्टीवरून केव्हाच बाहेर गेली असती. घाटात खांब इतके दाट का, याचं उत्तर एवढंच.

ते साडेसदतीस दोन्हीकडे वाटून घ्यायचे. आधारापाशी तार मध्यरेषेच्या बाहेर वीस सेंटिमीटर ओढली, की मध्यावर ती साडेसतरा सेंटिमीटर आत येते. मॉडेलवर चार आणि साडेतीन मिलिमीटर.

पण मध्यरेषा कुठली? वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो. ही उचल, म्हणजे कॅन्ट, मी ७५ मिलिमीटर धरली. डबा आत झुकतो, आणि साडेपाच मीटर उंचीवर पेंटोचा मध्य जवळपास साडेतेवीस सेंटिमीटर आत जातो. म्हणजे तारेची जागा रुळांच्या मधून उभा ओळंबा सोडून काढायची नाही, कललेल्या रुळांना काटकोनात काढायची. भाच्यानं त्यासाठी ॲक्रिलिकचा एक गेज कापला : खाली दोन रुळांवर बसणारे पाय, वर पेंटोच्या पट्टीएवढी आडवी रेघ आणि तिच्यावर खुणा. गेज रुळावरून सरकवत न्यायचा आणि तार खुणांच्या आत राहते का ते बघायचं. काकांनी तो हातात घेतल्यावर बराच वेळ खाली ठेवला नाही. त्यांच्या नोकरीतही अशीच पट्टी असायची, लाकडी, माणसाहून उंच.

दुसरी गोष्ट ओढीची. वळणावर प्रत्येक आधाराला तार आतल्या बाजूला खेचते. कॅटेनरीत दोन टन आणि कॉन्टॅक्ट वायरमध्ये एक टन ताण धरला, तर तीस मीटरच्या गाळ्याला दर आधारावर तीनशे किलो ओढ, दिवसरात्र, गाडी असो वा नसो. सरळ मार्गावरचा खांब मुख्यतः वजनच पेलतो. वळणावरचा खांब सतत कोणाशी तरी रस्सीखेच करत उभा असतो. त्यासाठी बाहेरच्या बाजूचे पाये मोठे हवेत, आणि घाटात बाहेरची बाजू म्हणजे अनेक ठिकाणी दरी. तिथे कातळात खड्डे घेऊन, चालू वाहतुकीच्या मधल्या वेळात, त्या लोकांनी पाये घातले. शेजारून वाफेची इंजिनं धूर सोडत चढत होती. त्या मजुरांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

१७ नोव्हेंबर

ड्रॉपर जोडणी झाली. ०.२ ची तार, ओल्या कापडाची घडी शेजारच्या सांध्यावर ठेवायची म्हणजे तो सुटत नाही. सोल्डरचा थेंब कॉन्टॅक्ट वायरच्या खालच्या बाजूला येता कामा नये. खऱ्या तारेला दोन्ही कुशीत खोबणी असते, पकड त्या खोबणीत बसते आणि खालचा गोल भाग पेंटोसाठी मोकळा राहतो. आमच्या तारेला खोबणी नाही, पण नियम तोच पाळतोय.

सरळ पाटावर स्टॅगर दिला. एका आधाराला चार मिलिमीटर डावीकडे, पुढच्याला चार उजवीकडे. सरळ रुळावर तार नागमोडी का, हे लोक नेहमी विचारतात. तार एकाच जागी घासत राहिली तर पेंटोच्या पट्टीत चर पडतो. नागमोडी तार पट्टीच्या सगळ्या रुंदीवर फिरते आणि झीज वाटली जाते. मॉडेलच्या पेंटोला कागदाची पट्टी लावून तारेला ग्रॅफाइट चोळलं. एकदा फिरवून आणल्यावर पट्टी सगळी सारखी राखाडी झाली. कागद जपून ठेवलाय, पाटाशेजारी लावणार.

८ डिसेंबर

आज तारेत वीज सोडली. १२ व्होल्ट, परतीचा मार्ग रुळांतून.

दोन पाट जोडून तार चार मीटर ऐंशी. एका टोकाला पुरवठा, दुसऱ्या टोकाला एक अँपिअर घेणारा दिवा. हिशेबानं तारेत पावणेतीन व्होल्ट खर्च व्हायला हवेत. मीटरनं थोडे जास्त दाखवले, सांध्यांमुळे. दिवा डोळ्यांना मंद दिसतो. मग पुरवठा दोन्ही टोकांना दिला आणि दिवा मध्ये आणला. तूट चौथ्या हिश्श्यावर आली, कारण प्रवाह दोन वाटांनी निम्मा निम्मा येतो आणि प्रत्येक वाटही निम्मी.

खऱ्या लाइनवर हेच मोठ्या आकड्यांत. ४३५ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला ०.०४ ओहम. एका इंजिनाचे १३०० अँपिअर दहा किलोमीटर लांबून एकाच बाजूनं आणले तर वाटेतच ५२० व्होल्ट जातात, म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त. तेच इंजिन दहा किलोमीटर अंतरावरच्या दोन सब-स्टेशनांच्या मधोमध असेल तर तूट १३० व्होल्ट. रुळांतली तूट वेगळी. आणि घाटात गाडीला एकच इंजिन नसतं, मागून ढकलायला जास्तीची इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात. सदतिसात एक असा चढ. म्हणून डीसीच्या मार्गावर सब-स्टेशनं जवळ जवळ लागतात, आणि प्रत्येक सब-स्टेशन म्हणजे तेव्हा फिरणाऱ्या यंत्रांचं घर. बाहेरून येणाऱ्या एसीचं डीसी करायला रोटरी कन्व्हर्टर. आमच्या डोंबिवलीला लागून ठाकुर्लीत चोळ्याचं वीजघर रेल्वेनं यासाठीच स्वतः उभारलं. मुंबईच्या लोकलला त्याआधी टाटांची जलविद्युत मिळत होती.

भाच्यानं एक भर घातली, ती फार चांगली आहे. एक पाट उताराचा आणि दुसरा चढाचा मानून, उताराच्या पाटावर एक लहान डीसी मोटार तारेला जोडली आणि तिला हातानं फिरवायचं हँडल लावलं. हँडल फिरवलं की चढाच्या पाटावरचा दिवा उजळतो. खेकडा इंजिन उतरताना हेच करायचं : मोटारींचा जनित्र म्हणून वापर, गाडीला ब्रेक आणि तारेला वीज. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते. चढणारी गाडी जवळ नसेल तर ती वीज सब-स्टेशननं परत घ्यावी लागते. फिरणारं यंत्र उलटंही चालू शकतं, साधा मर्क्युरी आर्क रेक्टिफायर (पाऱ्याच्या ठिणगीवर एसीचं डीसी करणारं, न फिरणारं उपकरण) चालत नाही. घाटाच्या तारेचा विचार करताना मागचं यंत्रसुद्धा तिचाच भाग धरावा लागतो.

२९ डिसेंबर

रुळांचे बाँड. प्रत्येक सांध्यावर फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पोलादी पट्टी, ओलांडणारी तांब्याची जाड केबल, कारण गंजलेल्या फिशप्लेटवर हजार अँपिअरचा भरवसा ठेवता येत नाही. परतीचा प्रवाह रुळांत नीट राहिला नाही तर तो जमिनीतल्या पाण्याच्या नळांतून वाट काढतो आणि डीसी असल्यानं त्यांना कुरतडतो. मॉडेलवर बारीक पिळाची तार, काळी रंगवली.

१९ जानेवारी २०२५

बोगद्याचं तोंड आणि शेवटची बांधणी.

घाटाचा मार्ग १८६३ चा. बोगदे वाफेच्या इंजिनांसाठी खणलेले, तारेचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशा उलटी करावी लागायची. १९२९ मध्ये नवीन बोगद्यांतून मार्ग फिरवून ते रद्द झालं. बोगद्यात वर कॅटेनरीचा झोळ मावत नाही. त्यामुळे आधार जवळ जवळ घ्यायचे, दोन तारांतलं अंतर कमी करायचं, आणि सगळी रचना खाली आणायची. खाली आणायची तीही हळूहळू. तार एकदम उतरली तर वेगातला पेंटो तिच्या मागे जाऊ शकत नाही, दबतो, उडतो, ठिणगी पडते. मॉडेलवर बोगद्याआधीच्या शेवटच्या गाळ्यात चार मिलिमीटरचा उतार दिला, खऱ्या मापानं वीस सेंटिमीटर. आतल्या इन्सुलेटरांना काजळी आणि पाण्याचे ओघळ रंगवले. काकांच्या मते पावसाळ्यात बोगद्याच्या छतातून गळणारं पाणी आणि जुनी काजळी, ही जोडी सगळ्यांत वाईट.

तारांचं टोक खांबाला कायमचं बांधलंय. आपोआप ताण सांभाळणारी वजनं नाहीत. किलोमीटरभर तांब्याची तार तीस अंशांच्या फरकानं अर्धा मीटर लांबते. टोकं बांधलेली असली की ती लांबी झोळात जाते. मे महिन्यात दुपारी तार लोंबते, थंडीत पहाटे ती ताठ होते. हे पाटावर दाखवता येत नाही, म्हणून बाजूच्या पाटावर एक मोकळा गाळा ठेवला, दोऱ्याचा. एका टोकाला खुंटी, ती फिरवली की झोळ बदलतो. त्याच्या शेजारी दुसरा गाळा, टोकाला कप्पी आणि वजन लावलेला. तिथे दोरा कितीही लांब करा, झोळ तोच.

३ फेब्रुवारी

मुंबईतल्या विजेच्या त्या पहिल्या लोकलला आज शंभर वर्षं झाली. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये दोन्ही पाट मांडले. लहान मुलांनी हँडल फिरवून दिवा लावला. रेल्वेत असलेल्या दोघा-तिघांनी वळणाचा पाट खाली वाकून, रुळाच्या पातळीवर डोळा आणून पाहिला. गाडी कुठे आहे असं एका आजोबांनी विचारलं. भाच्यानं त्यांना पेंटोचा गेज हातात दिला आणि वळणावरून सरकवायला सांगितला. ते बराच वेळ तेच करत होते.

२३ फेब्रुवारी

उरलेलं काम. सेक्शन इन्सुलेटर अजून बनवायचा आहे. दोन सब-स्टेशनांचे विभाग वेगळे तोडता आले पाहिजेत, नाहीतर एका ठिकाणच्या दुरुस्तीला अख्खा घाट बंद ठेवावा लागेल. त्यासाठी तारेत खंड पाडायचा, पण पेंटो त्यावरून अखंड जायला हवा. ०.३ च्या तारेत लाकडाची बारीक पट्टी आणि दोन्ही बाजूंना सरकपट्ट्या बसवायच्या, पितळेच्या. वजन तिथेच एकवटतं म्हणून त्याच्यावर जास्तीचे दोन ड्रॉपर. काकांनी त्याचं रेखाचित्र मापांसह काढून दिलंय, पेन्सिलीनं, मागच्या बाजूला डिस्चार्ज रॉड (दुरुस्तीच्या वेळी तारेतली वीज जमिनीत सोडणारा दांडा) कुठे अडकवायचा तेही. पुढच्या आठवड्यात पितळ कापायला घेते. वळणाच्या पाटावरचा तिसरा ब्रॅकेट प्रवासात अर्धा मिलिमीटर सरकलाय, गेज तिथे खुणेला टेकतो. तो आधी.